‘घरीच असतोस की’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

पत्र थोडक्यात: सोलापूरचा एक वाचक, वय चौतीस. पुण्याच्या आयटी कंपनीत नोकरी, क्लायंट अमेरिकेतला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावातल्या जुळे सोलापूर भागातल्या घरी आला तो इथेच राहिला, आणि कंपनीनेही टीममधल्या काही जणांना घरूनच काम चालू ठेवायला दिलं. घरात आई, बायको, पाच वर्षांची मुलगी. बायको अनुदानित शाळेत शिक्षिका, अकरा ते साडेपाच. याचा पुण्याच्या टीमसोबतचा पहिला कॉल सकाळी दहाला, अमेरिकेचे कॉल संध्याकाळी साडेसातनंतर, ते साडेदहा-अकरापर्यंत. मधल्या वेळात सिलिंडर, कुरिअर, पाणी आलं की मोटर, आईचा डोळ्यांचा दवाखाना, मुलीला शाळेतून आणणं हे सगळं याच्याकडेच, कारण ‘तू घरीच असतोस की’. तो लिहितो, “ताई, कंपनीने एवढी सवलत दिलीय तर त्यांना नाही कसं म्हणू, आणि आईने बिड्या वळून शिकवलं तर तिला तरी नाही कसं म्हणू. मला टाइम मॅनेजमेंटच जमत नाही बहुतेक. यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, अक्षतेच्या वेळीसुद्धा मी कॉलवर होतो. मागच्या महिन्यात मुलीवर फार जोरात ओरडलो, ती बिचारी दारात येऊन फक्त चित्र दाखवत होती. पुण्यात एक ऑफर आहे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. घेऊ का? बायको म्हणते मी नोकरी सोडून येणार नाही.”

---

अरे, तू ताई म्हणालास म्हणून मी पण अरेतुरेच करते.

आधी तो टाइम मॅनेजमेंटचा विषय संपवू. तू पत्रात तुझा सगळा दिवस लिहिलायस, मी तो कागदावर मांडून बघितला. सकाळी दहा ते रात्री साडेदहा-अकरा. जेवणाचा, मुलीला आणायचा, मधल्या कामांचा वेळ काढला तरी अकरा-साडेअकरा तास उरतात, पाच दिवसांचे पंचावन्नच्या पुढेच जातात, आणि शनिवारी रिलीज असलं की ते वेगळंच. यात मॅनेजमेंट कशाचं करणार? दिवसाची पाळी तूच करतोयस आणि रात्रीची पण तूच. कंपनीने दोन माणसांचं काम एका खुर्चीवर बसवलंय आणि खुर्ची तुझ्याच घरातली आहे. तुला वाटतंय आपल्यात काहीतरी कमी आहे, शिस्त नाही, म्हणून मग सकाळी पाचला उठायचे व्हिडिओ बघत बसतोस (तूच लिहिलंयस). ते बंद कर पहिल्यांदा. पाचला उठलास तर अजून दोन तास काम करशील, बाकी काही होणार नाही.

आणि हे अंगावर येतं हं, नुसतं चिडचिडीवर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एक अभ्यास काढला होता, त्यात आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त दिसला. घाबरवायला सांगत नाहीये, पण तू चौतीसचा आहेस, रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही म्हणतोस, तर एकदा बीपी तरी तपासून घे या आठवड्यात.

आता मुद्द्याचं बोलते. तुझ्या पत्रात ‘नाही कसं म्हणू’ हे दोनदा आलंय, एकदा कंपनीसाठी, एकदा आईसाठी. म्हणजे घरी बसून काम करायला मिळतंय हा तुला कुणीतरी केलेला उपकार वाटतो आणि तो तू फेडत बसलायस, दिवसभर घरच्यांना आणि रात्री अमेरिकेला. माझ्या मते गाठ इथेच आहे, बाकी सगळं याच्यातून आलंय. मेसेज आला की दोन मिनिटांत रिप्लाय, का, तर म्हणे ‘घरी झोपलाय वाटेल’. सुट्टी टाकायची नाही, का, तर ‘घरीच तर आहे, सुट्टी कशाला घालवायची’. म्हणून तर संमती कट्ट्यावर अक्षता पडत होत्या, सगळं सोलापूर पांढऱ्या कपड्यात तिकडे होतं आणि तू कॅमेरा बंद करून कुणाचं तरी स्टेटस ऐकत होतास. सोलापुरात राहून गड्ड्याला जायला मिळत नसेल तर मग सोलापुरात राहायचं कशाला रे?

उपकार कसला त्यात? कंपनीची पुण्यातली एक खुर्ची, तिची वीज, एसी, कँटीन, कॅब सगळं वाचतं. इकडे तुझं भाडं वाचतं, आई जवळ राहते. दोघांचाही फायदा आहे म्हणून चाललंय, उद्या त्यांचा फायदा संपला तर तुझ्या रात्री साडेअकराच्या रिप्लायांकडे बघून कुणी थांबणार नाही.

आईबद्दल तू एकच ओळ लिहिलीस आणि पुढे गेलास, मी मात्र तिथेच अडकले. अरे, घरून काम ही काय लॉकडाऊनने आणलेली गोष्ट आहे का सोलापुरात? मिलवाल्यांना भोंगा होता, वाजला की पाळी सुटली, डबा उचलला आणि घरी. पण बिडीवाल्या हजारो बायका घरीच काम करत आल्यात, आजही करतात. पानं भिजवायची, कापायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरून वळायच्या, दोरा बांधायचा, कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे खराब निघालेल्या बाजूला काढणार, आणि मजुरी हजारावर. मध्येच भाकरी, मध्येच पोरं, मध्येच पाहुणे. त्यात काही छान होतं असं मी म्हणत नाहीये, कमी पैसे, खोकला, डोळे जायचे, शाळेतून आलेली पोरगी पण पाटीदप्तर ठेवून वळायला बसायची. पण तुझ्या आईकडे एक गोष्ट होती जी तुझ्याकडे नाहीये. तिला आकडा माहीत होता. हजार झाल्या की हजार झाल्या, सूप बाजूला. तुझं काम कधी ‘झालं’ हे तुला कोण सांगतं? कुणीच नाही, म्हणून ते होतच नाही.

तर आज संध्याकाळी आईशेजारी बस आणि विचार, तू कसं करायचीस, आम्ही मध्ये मध्ये यायचो तेव्हा काय करायचीस, कधी थांबायचीस. मी हे भावनिक वगैरे व्हायला सांगत नाहीये. दोन कारणं आहेत. एक तर घरून काम म्हणजे काय हे तुझ्या घरात तुझ्याआधी तिला कळलेलं आहे, तिला हे समजावणं तुला वाटतं तितकं अवघड नाही. दुसरं म्हणजे तिला तुझं काम दिसत नाही. तिच्या मांडीवर सूप असायचं, ढीग दिसायचा, किती झाल्या किती राहिल्या हे लांबूनही कळायचं. तू लॅपटॉपसमोर बसून क्लायंटशी भांडत असलास काय आणि रील बघत असलास काय, बाहेरून सेम दिसतं. मग ती ‘गॅसवाला आलाय बघ की जरा’ म्हणते यात तिचं काय चुकलं?

म्हणून काम दिसेल असं कर. रोज सकाळी कॅलेंडरवर (दाते पंचांगवाल्यांचं असेल तर उत्तमच, आपल्या गावचं) त्या दिवसाच्या चौकोनात दोन वेळा लिहायच्या, या वेळेत हाक मारायची नाही, आणि या वेळेत मी मोकळा. दुसरी जास्त महत्त्वाची. तू फक्त ‘मला डिस्टर्ब करू नका’ एवढंच सांगत राहिलास तर ते कुणीच पाळणार नाही, पण ‘दुपारी दीड ते अडीच मी तुमचा, काय असेल ते तेव्हा’ म्हटलं आणि तसा खरंच खाली आलास, की लोक थांबतात. लेकीला पण हेच. पाच वर्षांच्या पोरीला घड्याळ कळत नाही पण दाराला लावलेला लाल कागद कळतो, आणि कागद निघाला की चित्र बघायचं म्हणजे बघायचंच, फोन हातात न घेता. ओरडलास त्याबद्दल तिला सॉरी म्हणालास का ते पत्रात नाही, नसशील म्हणाला तर म्हण.

पाण्याचं मला कळतं. आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात बाकी काही सुचत नाही. मोटर लाव, टाकी भरली का बघ, पिण्याचं वेगळं भर. तर त्या दिवशी कॅलेंडरवर ऑफिसचा पण एक तास ब्लॉक करून टाक, ‘पर्सनल’ म्हणून, लपूनछपून म्यूटवर बादल्या भरण्यापेक्षा ते बरं. पुण्यातला माणूस चहा-सिगरेटला तासभर खाली उतरतोच की.

बरं, आता कंपनी. इथे मी तुला अगदी स्पष्ट सांगते की घरच्यांशी कितीही गोड बोललास तरी ही बाजू बदलली नाही तर काही होणार नाही, कारण तुझे तास मुळातच जास्त आहेत. मॅनेजरला ‘मला त्रास होतोय’ असं लिहू नकोस, त्याचं उत्तर ‘सगळ्यांनाच होतोय’ असं येतं. त्याऐवजी एक आठवडा रोज सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहून ठेव, मग एक छोटी मेल लिही, साधारण अशी: ‘माझा दिवस सध्या सकाळी १० ते रात्री १०:३० असा पसरतोय. हे जास्त काळ टिकणार नाही आणि कामाची क्वालिटीही पडते. दोन पर्याय सुचवतो. एक, मी दुपारी १ ते रात्री १० काम करतो, सकाळचा कॉल रेकॉर्ड करून ठेवा, मी अपडेट लिहून पाठवीन. दोन, मी १० ते ७ करतो आणि अमेरिकेचे कॉल आठवड्यातून दोनच दिवस घेतो, बाकीचे दिवस टीममध्ये वाटून घेऊ.’ बस. तक्रार नाही, रडगाणं नाही, निवड त्यांच्यासमोर ठेवायची. दोन्ही नको म्हणाले तर तिसरं काय ते त्यांनी सुचवावं, पण दोन्ही पाळ्या हा पर्याय त्या मेलमध्ये नसलाच पाहिजे.

वेळ पण चांगली आहे. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ जे थंडीत आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला पडतात ते साडेसहाला पडतील. सगळ्यांची कॅलेंडरं तशीही हलणारच आहेत, तेव्हाच तुझं पण हलवून घे. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते परत मागे जातात हे आत्ताच लिहून ठेव, नाहीतर दिवाळीच्या आसपास परत माझ्याकडे पत्र येईल.

यातला कुठला पर्याय हे मात्र एकट्याने ठरवू नकोस, बायकोबरोबर बस. तू ‘ती समजून घेत नाही’ असं लिहिलंयस पण मला वेगळंच दिसतंय. ती साडेपाचला शाळेतून सुटते, घरी येऊन चहा होतो न होतो तोवर तू कॉलसाठी वर जातोस, खाली येतोस तेव्हा ती झोपलेली. तुम्ही दोघं एका घरात राहता पण भेटताच कुठे? दुपारी एकची पाळी घेतलीस तर संध्याकाळ जाते पण सकाळी सात ते साडेदहा तुम्ही तिघं एकत्र, लेकीला शाळेत सोडायला तू जाशील, दोघांचा नाश्ता सोबत. दिवसाची घेतलीस तर संध्याकाळ मिळते, सकाळ तिच्या शाळेच्या घाईत जाते. तिला कुठली हवीय हे तूच कसं ठरवणार?

पुण्याची ऑफर. मी ती सरळ नको म्हणणार नाही, ऑफिसला जाण्याचे फायदे आहेतच, माणसं भेटतात, शिकायला मिळतं, लांब बसलेल्याचं प्रमोशन विसरलं जातं हेही खरंय. पण तू ज्या त्रासातून सुटायला तिकडे निघालायस तो त्रास तिथे सुटणार आहे का? नव्या कंपनीचा क्लायंट पण अमेरिकेतलाच आहे, तू हिंजवडीला गेलास म्हणून अमेरिकेत लवकर उजाडणार नाही. त्यात जायचा-यायचा ट्रॅफिक, भाडं, बायकोची मान्यता मिळालेली नोकरी इथे, आई इथे, म्हणजे शनिवार-रविवारचा बाप होणार तू. ऑफर घेण्याआधी त्यांना एकच विचार, रात्री आठनंतर आठवड्यात किती कॉल असतात, आणि हे एचआरला नाही, ज्या टीममध्ये जाणार तिथल्या एखाद्या माणसाला विचार. उत्तर तुझ्या आत्ताच्या दिवसासारखंच आलं तर कशाला? माणसं भेटायची असतील तर महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जा, सकाळी निघून रात्री परत येता येतं, मॅनेजरसोबत जेव, दिसून ये.

आता खोलीचं, कारण तू ते सहज लिहिलंयस पण मला वाटतं निम्मी भांडणं तिथूनच होतात. तुझी खोली वर, पत्र्याखाली. थंडीत ठीक आहे, पण मार्च लागला की सोलापूरचं ऊन सुरू, एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, पत्र्याखाली माणूस बसूच शकत नाही. मग लॅपटॉप खाली हॉलमध्ये, कारण कूलर तिथे एकच. आणि हॉलमध्ये आईची मालिका, लेकीची खेळणी, शेजारच्या काकू, कुकरच्या शिट्ट्या, आणि तू हेडफोन लावून सगळ्यांकडे डोळे वटारत. दरवर्षी उन्हाळ्यात तुझं काम आणि घर एका खोलीत येतं आणि तुला वाटतं आपला स्वभाव बिघडला. पुढच्या पगारात वरच्या खोलीला वेगळा कूलर घे, पत्र्याखाली थर्माकोल नाहीतर पीओपीचं सीलिंग होतं का बघ, वरून पांढरा उष्णतारोधक रंग मार. मी तुला ध्यान वगैरे करायला सांगण्याआधी हे सांगतेय, कारण याने लगेच फरक पडेल. तेही जमत नसेल तर दुपारी अभ्यासिका. गावभर एमपीएससीवाल्या पोरांसाठी अभ्यासिका निघाल्यात, एसी, वायफाय, महिन्याची फी भरायची आणि बसायचं. तिथे बोलता येत नाही म्हणून कॉल जमणार नाहीत, पण लिहायचं-वाचायचं काम दोन तासांत होतं, आणि डोळ्यासमोर पीएसआय व्हायला निघालेली पोरं मान खाली घालून बसलेली असली की रील बघायची लाज वाटते.

फोनसाठी एवढंच कर, टीम्सच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये क्वाएट टाइम असतो तो लाव, ठरलेल्या वेळेनंतर नोटिफिकेशन येतच नाहीत. खरंच आग लागली तर फोन करा असं टीमला सांगून ठेव. फोन फार कमी येतात, बघ तू. आणि सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी कंबर तलावाकडे चालून ये, तुझ्या घरापासून लांब नाही, उन्हाळ्यात मात्र आठच्या आत. रात्री काम संपलं की लॅपटॉप बॅगेत, बॅग कपाटात. जेवणाच्या टेबलवर नाही, उशीजवळ तर नाहीच.

हे कायद्याने व्हायला हवं असं तू म्हणशील, बरोबर आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामानंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये आला, आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं पण त्याचा कायदा झाला नाही. तो होईल तेव्हा होईल, तोवर तुझी मेल.

ज्या बायका हे वाचतायत आणि मनात म्हणतायत की ताई, याला निदान सिलिंडरच घ्यावा लागतो, आम्हाला कॉलच्या मध्ये भाजीला फोडणी पण द्यावी लागते, त्यांचं खरंय. त्यांच्यासाठी कॅलेंडरच्या चौकोनात तिसरी गोष्ट, दोन्ही वेळचा स्वयंपाक कोण करणार त्याचं नाव. नाव लिहिल्याशिवाय ते काम आपोआप तुमचंच होतं. आणि जे कामागणिक पैसे घेतात, डिझाइन, ट्रान्सलेशन, ट्यूशन, त्यांनी रोजचा ‘हजार’ सकाळीच ठरवायचा, जास्तीचं काम आलं की उद्याच्या खात्यात, आजच्या नाही.

तुझा हजार पण तुलाच ठरवावा लागेल. रोज तीन गोष्टी लिही ज्या झाल्या तर दिवस झाला, बाकीच्या आल्या तर आल्या. पहिले काही दिवस तीन पण होणार नाहीत, मग दोन लिही.

हे सगळं करूनही महिनाभराने झोप तशीच, चिडचिड तशीच, सकाळी उठून लॅपटॉप उघडायचीच भीती वाटत असेल, तर टेली मानसच्या १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, कुणाला सांगायची गरज नाही. किंवा डॉक्टरकडे जा. यात कमीपणा काही नाही.

मॅनेजर दोन्ही पर्यायांना नाही म्हणाला तर? मग दुसरी नोकरी शोध, पण घरूनच चालणारी आणि एकाच पाळीची, आणि आत्ताची हातात ठेवून शोध, घाई नको. माझा अंदाज आहे तो पूर्ण नाही म्हणणार नाही, पाच वर्षं सगळं माहीत असलेला माणूस बदलणं त्याला महाग पडतं, हे तुझ्यापेक्षा त्याला जास्त माहितीये. फक्त ती मेल सोमवारी सकाळी पाठव. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलीस तर शनिवार-रविवार दोन्ही दिवस रिप्लाय आला का बघत बसशील.